तिता पुरिंग यांणी सोनेरी उन्हावर केलेल्या स्वारीची हकीकत

संत इल्देफोन्सो समर्थ. त्यांचे चर्चात बाजाची पेटी वाजवून उदरनिर्वाह करणारा सेवक एलादियो, राहणार कसबा सान इल्देफोन्सो, प्रांत बातांगास, कलम हाती धरून लिहितो ऐसीजे: तिता म्हणजे आत्याबाई पुरिंग यांणी आज्ञा केली की, आमचे भाचीचे लग्नाचे दिवशी आम्ही घडीघडीचा बंदोबस्त करून जो विजय संपादिला, त्याची हकीकत अद्याप कोणी लिहिली नाही, तरी तुवां लिहावी, आणि जैसे घडले तैसेच लिहावे, आणि आमची तारीफ यथास्थित करावी. या दोन आज्ञा एकीस एक मिळत नाहीत, ऐसा अर्ज सेवकाने केला. त्यावर "गप रे, लिही" इतकेच उत्तर जाहले. सेवक बहुत वर्षे दर रविवारी त्यांचेच घरी जेवतो, सबब खाल्ल्या मिठास जागून लिहितो.

तर प्रथम या मोहिमेचे कारण. तिता पुरिंग यांचे कनिष्ठ बंधू इसिद्रो डिमाकुलांगान, ज्यांस वडीलकीने मांग म्हणजे काका म्हणतात, कॉफीची बाग राखून असणारे, स्वभावे इतके मुकाट की घरात आहेत की नाहीत हे हाक मारल्याखेरीज कळू नये. यांचे कुटुंब लुझविमिंडा, कसबाभर लुझ म्हणोन मशहूर. या लुझबाई कन्या आर्लीन सात वर्षांची असता मिलान शहरी एका वृद्ध बाईंचे शुश्रूषेस गेल्या, त्यास एकोणीस वर्षे जाहली. मध्ये रजेवर येणे होई, नाही ऐसे नाही. परंतु ज्या प्रसंगी घरची तसबीर निघते, ते प्रसंग एकही रजेत बसले नाहीत. आर्लीनचा चर्चातील पहिला प्रसाद जाहला, पदवी जाहली, थोरल्या आजींस माती दिली, आणि दर प्रसंगी कोणी तरी फोन उंच धरावा आणि त्यात लुझबाईंचे बोटभर मुख दिसावे, ऐसा रिवाज पडला. मग फोनचे जाळे मध्येच तुटे, आणि लुझबाई अर्धे तोंड उघडे टाकून थिजत, आणि तैशाच छापून येत. लोक हसत. मांग इसिद्रो हसत नसत.

लग्न ठरले तेव्हां लुझबाईंनी मिलानहून कळविले की, मेजवानीत काय करायचे ते तुम्ही करा, फुले कोणती आणि केक किती मजली यात मी बोलणार नाही. मला एक फोटो हवा. सगळं घर त्यात हवं, चर्चासमोर, चांगल्या उजेडात, आणि मी फोनमध्ये नको, माझ्या पायांवर उभी हवी. इतके सांगून बाईंनी फोन ठेविला. ही गोष्ट मांग इसिद्रोंनी बहिणीस सांगितली, आणि तिता पुरिंग यांणी तेच समयी पदर खोचून मोहिमेचा विडा उचलिला.

तिता पुरिंग म्हणजे काय आसामी, हे परक्यास कळावे म्हणोन लिहितो. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकी केली. निवृत्त जाहल्या, परंतु शिट्टी गळ्यातून उतरली नाही. कसब्यात मिरवणूक असो की मयत असो, रांग त्या लावणार. त्यांणी तात्काळ बोयेत काटिगबाक यांस पाचारण केले. हा बोयेत कॅमेराबहाद्दर, बरोबर दोन नायब, पांढऱ्या छत्र्या, दिवे, आणि भुणभुण करीत आकाशी जाणारे एक यंत्र, ऐसा जंगी सरंजाम बाळगून. मुद्रा ऐसी गंभीर की जणू आपणच लग्न लावतो आहो. त्याने मसलतीत स्पष्ट सांगितले की, पाद्री पुढे-मागे होईल, आचारी पुढे-मागे होईल, परंतु सूर्य कोणाचा मिंधा नाही. संध्याकाळी चर्चाचे दर्शनी भिंतीवर सोनेरी ऊन पडते, ते बसल्या बैठकीत एक कप कॉफी संपेतो टिकते, मग गेले. घरची थोर तसबीर त्याच उन्हात होईल. अवघा दिवस त्या उन्हापासून उलटा मोजीत यावे.

मग दिवस उलटा मोजिला. उन्हाआधी लग्न, लग्नाआधी मिरवणूक, मिरवणुकीआधी नवरीने जिना उतरणे, त्याआधी झग्याची तसबीर आंब्याचे फांदीस टांगून, त्याआधी जोड्यांची तसबीर खाटेवर ठेवून, त्याआधी अंगठ्यांची तसबीर बायबलावर. ऐसे करता करता नवरीने पहाटे कोंबड्याचे आधी उठावे असे निघाले. आर्लीन म्हणाली, "तिता, जोड्यांना एवढा मान, आणि मला झोप नाही?" त्यावर हुकूम जाहला की, झोप लग्नानंतर.

वधूपित्याने नटलेली कन्या प्रथम पाहणे, हेही एक कलम होते. मांग इसिद्रोंनी दार उघडून कन्येस पहावे आणि डोळे भरून यावे. पहिले खेपेस त्यांणी पाहिले आणि "बरं आहे" म्हणाले. दुसरे खेपेस छत्रीवाल्या नायबास पाय लागून छत्री पडली. तिसरे खेपेस बोयेत ओरडला, "तातय, जरा भावना आणा की!" आणि तातयांनी, म्हणजे बापाने, भावना आणावयाचा यत्न केला, तो दाढ दुखते आहे ऐसे दिसू लागले. मग नाद सोडिला. सर्व मंडळी खाली उतरली, आणि मांग इसिद्रो जिन्याखाली एकटेच बसून रुमालात तोंड घालून रडले, तेसमयी कॅमेरा डब्यात होता.

आता जी गोष्ट या मोहिमेच्या मुळावर आली ती लिहितो. आमचे मुलखी घड्याळे उत्तम चालतात, माणसे आपल्या चालीने चालतात. ज्यास ज्यास पाहुणे बोलवावयाचे, तो खरी वेळ सांगत नाही, अर्धा तास, तास आधीची सांगतो. पाहुण्यासही हे ठाऊक, म्हणोन तो तितकाच उशिरा निघतो. यात कोणी कोणास लबाड म्हणत नाही. हा परस्परांचा करार आहे, आणि शेकडो लग्ने यावर सुखरूप पार पडली. लग्न तीन वाजता, पत्रिकेत छापले दोन. वराचे नाव रोमेल माकालिन्ताल, भला मुलगा, परंतु अंघोळीस वेळ फार. त्याचे मातोश्रींनी त्यास सांगितले एक. नेमका तो त्या दिवशी आज्ञेत वागला. एकटाच रिकाम्या चर्चात, अननसाच्या तंतूचा बारोंग घालून, घाम गाळीत बसला, आणि सेवकास कुया, म्हणजे दादा, म्हणोन पुसू लागला, "कुया एलादियो, नवरी पळून गेली की काय?" सेवकाने त्यास पंख्याखाली बसविले आणि पेटीवर एक आनंदी गत वाजविली.

येथवर ठीक. परंतु हा करार परक्यापुरता असतो, आणि येथे आपलेच आपल्यांशी तो खेळले. सोनेरी ऊन साडेपाचास. बोयेत मनी म्हणाला, ही मंडळी वेळेवर जमणार नाहीत, म्हणोन त्याने तिता पुरिंग यांस सांगितले पाच. तिता मनी म्हणाल्या, माझा भाऊ दिरंगाईचा, म्हणोन त्यांणी इसिद्रोंस सांगितले साडेचार. इसिद्रो मनी म्हणाले, लुझ विमानतळावर नणंदा-जावांस परदेशी भेटींची खोकी वाटीत बसेल, म्हणोन त्यांणी तिला सांगितले चार. ऐसा प्रत्येकाने मायेपोटीच आपले पदरचे थोडे थोडे घातले. आणि लुझबाई एकोणीस वर्षे परमुलखी राहिल्या होत्या, तेथे चार म्हणजे चार.

मग लग्नाचा दिवस उजाडला. लुझबाईंचे विमान सकाळी यावयाचे, ते वाटेतील मुक्कामी रखडले आणि दुपारी उतरले. बाईंनी एक निरोप धाडिला: "उतरले. निघाले." आणि फोनचा प्राण गेला. इकडे चर्चात त्या दिवशी आणखी एक लग्न मागून उभे होते, पाद्री थांबावयास राजी नव्हते, सबब लग्न तीन वाजता लागले. आईची जागा पहिल्या बाकावर रिकामी. आर्लीन वेदीशी गेली आणि मागे वळून दाराकडे पाहू लागली, आणि बोयेतने त्याची सुरेख तसबीर घेतली, आणि सेवकास त्या घडीला त्याचा राग आला. लग्न लागले. तिता पुरिंग यांणी भाचीचे कानी सांगितले की, लग्न हुकले ते हुकले, फोटो हुकू देणार नाही, माझा शब्द.

मागून लागावयाच्या लग्नाचा कॅमेरेवाला आपली फौज घेऊन अंगणात दाखल जाहला होता. बोयेत आणि तो, दोघे छत्र्या खाली ठेवून मध्ये भेटले, आणि तह जाहला तो येणेप्रमाणे: आमचे दारावरील फुले त्यांणी वापरावी, मोबदला साडेपाचास चर्चासमोरील पायऱ्या आम्हांस मोकळ्या मिळाव्या. दोघांनी एकमेकांस सिगारेट दिली. मग आमची दीडशे माणसे चर्चामागील पाद्रीबाबांचे आवारात, वडासारख्या थोर सावलीच्या झाडाखाली, दबा धरून बसली. तिता पुरिंग यांचे फर्मान सुटले की, थोर तसबीर होईतो एकाही पाहुण्यास मेजवानीचे ठिकाणी सोडू नये, आणि जो आधी जाऊन भाजल्या डुकराचे कातडे मोडील, त्याचे तोंड पाहणार नाही. हे डुकराचे कलम वर्मी लागले. कोणी हलले नाही.

पाच वाजले, लुझबाई नाहीत. सव्वापाच वाजले, नाहीत. फोन करावा तो एक बाई परक्या भाषेत काही तरी सांगून बंद होई. आर्लीन झग्याचा घोळ दोन हातांनी धरून मागील आवाराचे फाटकापाशी उभी. बोयेत भिंतीवरील ऊन पाहून येई आणि दर खेपेस अधिक पिवळा पडे. "तिता, पायऱ्या मोकळ्या झाल्या. ऊन असं आहे की डोळ्यात पाणी येईल. आता नाही तर नाही." तिता म्हणाल्या, "आई नाही तर नाही." बोयेत म्हणाला, "मग फोन धरू का उंच?" हे तो चांगल्या बुद्धीने बोलिला, परंतु मांग इसिद्रो, जे मोठ्याने कधी बोलत नाहीत, ते गर्जिले, "फोन नाही धरायचा!"

ऐशा समयी मेजवानीचे घराकडून परगावचा दादो जीपनीवाला, म्हणजे भाड्याची लांब मोटार हाकणारा, परगावचीच आचारीण आलिंग सेपा हिचा निरोप घेऊन धुरळा उडवीत आला. मेजवानी मांग इसिद्रोंचे घरी, आणि ते घर वर डोंगराचे अंगास, चर्चापासून बरेच दूर. दादोने तिता पुरिंग यांस अर्ज केला तो शब्दशः लिहितो. "तिता, आलिंग सेपा विचारतेय, माणसं कधी येणार, भात गार होतोय. आणि ती नवीन बाई कुठून आणलीत हो तुम्ही? सेपाच्या नाकी नऊ आणलेत तिनं! सगळी ताटं परत विसळायला लावली. म्हणते, साबणाचा वास येतोय."

तिता म्हणाल्या, "कसली नवीन बाई? मी कोणी बाई सांगितली नाही."

"अला ए! मग ती कोण? व्हॅनमधून उतरली, बॅगा पडवीत टाकल्या, आणि एप्रन बांधून थेट मोरीवर. मला म्हणाली, लग्न झालंय, फोटो झालाय, आता निदान माझ्या हातचं काहीतरी होऊ दे."

मांग इसिद्रोंनी तात्काळ ओळखिले की, ती लुझ. मग सर्व उलगडा जाहला. लुझबाईंची व्हॅन पाच वाजता चर्चावरून गेली होती. मागून लागावयाच्या लग्नाची नवरी रिवाजाप्रमाणे उशिरा आलेली, तिची वऱ्हाडी माणसे अंगणात उभी, आणि लुझबाईंनी काचेतून परकी नवरी पाहिली, परकी माणसे पाहिली, आणि मनी समजल्या की, चार कधीच वाजून गेले, माझे घर फोटो काढून पुढे गेले. गाडी थांबवा, ऐसे त्यांणी म्हटले नाही. गाडी घरी घ्या म्हटले.

आवारात प्रत्येकजण आपली आपली कबुली देऊ लागला. मांग इसिद्रो थोरल्या बहिणीस म्हणाले, "आते, तू साडेचार म्हणालीस, मी तिला चार सांगितले." तिता म्हणाल्या, "मला या बोयेतनं पाच सांगितले होते!" बोयेत म्हणाला, "साडेपाच आहेत, तिता. आत्ता आहेत. भिंतीकडे बघा." आणि खरोखर चर्चाची दर्शनी भिंत मधासारखी उजळली होती, पायऱ्या मोकळ्या, फुले ताजी, वारा पडलेला. सेवकाने आपले हयातीत तैसे ऊन पाहिले नाही. बोयेत हात जोडून म्हणाला, "नवरा-नवरीचा तरी घेऊ द्या. दोन मिनिटं. असं ऊन वर्षातून एकदा मिळतं."

मग आर्लीन आपले मुखाने बोलली. "आई एकोणीस वर्षांतून एकदा मिळते, कुया बोयेत. दादो, गाडी वळव."

इतके बोलून तिने जोडे काढिले, ज्यांची पहाटे खाटेवर तसबीर घेतली होती तेच, आणि झगा कमरेस खोचून जीपनीचे मागील पायरीवर चढली. रोमेल मागून धावला. तिता पुरिंग यांणी शिट्टी फुंकिली. दीडशे माणसांचा जमाव उठला, आणि नऊ जीपन्यांत, टपांवर, पायऱ्यांवर, जेथे बोट अडकेल तेथे लटकून कूच जाहले. एक नायब मात्र पायऱ्यांवर दिवे आणि छत्र्या मांडून ठाणे राखीत होता. त्यास कोणी निरोप दिला नाही. तो इमानेइतबारे तेथेच राहिला, आणि जंगी सरंजामही त्याचेपाशीच राहिला, हे बोयेतचे ध्यानी अर्ध्या चढावर आले, आणि त्याने आपले कपाळ बडविले.

डोंगराचे वळणावर सूर्य पलीकडे उतरला. घरी पोहोचले तेव्हां नुसता निळसर अंधार, आणि परसात चुलींचा धूर. लुझबाई मोरीवर बाह्या सरसावून बसल्या होत्या, आणि वर पाहून प्रथम त्यांणी कन्येस रागेच भरले. "अगं, झगा चिखलात! जोडे कुठं आहेत तुझे? आणि एवढ्यात कशा आलात सगळे, पानं मांडली नाहीत अजून!"

आर्लीन तैसीच ओल्या फरशीवर बसली आणि आईचे साबणाचे हात आपल्या तोंडास लावून रडू लागली. "इनाय, फोटो झालाच नाही. तुझ्याशिवाय कसा होईल?"

लुझबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मांग इसिद्रो म्हणाले, "चार नव्हते, लुझ. मी खोटं सांगितलं. तू लवकर यावंस म्हणून."

"एकोणीस वर्षांत एकदा खोटं बोललास माझ्याशी," लुझबाई म्हणाल्या, "ते पण असलं बावळट!" आणि हसता हसता त्यांचेही डोळे वाहू लागले, आणि आलिंग सेपा पळीसकट रडू लागली, आणि मग परसात न रडणारा एक बोयेतच उरला, कारण त्यास उजेडाची फिकीर लागली होती.

लुझबाई म्हणाल्या, अंगावर प्रवासाचे कपडे आहेत, केस विस्कटले आहेत, वधूमाता म्हणोन शिवलेला निळा पोशाख पेटाऱ्यात आहे, तो घालून येते. येथे तिता पुरिंग यांचे शौर्य खरोखरी लिहावे ऐसे. ज्या बाईंनी त्या दिवशी दीडशे माणसे शिट्टीवर बसविली आणि उठविली, त्यांणी घडीघडीचे वेळापत्रक चोळीतून काढिले, चुलीत घातले, आणि म्हणाल्या, "काही बदलू नकोस, बये. जशी आहेस तशी ये. माझं चुकलं." सेवक चाळीस वर्षे त्यांस ओळखतो. 'माझं चुकलं' हे शब्द त्यांचे मुखातून निघालेले प्रथमच ऐकिले.

मग दादोने हिकमत केली. नऊही जीपन्या परसाभोवती अर्धवर्तुळ करून उभ्या केल्या आणि सर्वांचे दिवे एकदम लाविले. धुरातून तो उजेड आला, पांढरा, पिवळा, आणि एका जीपनीचा तर चक्क हिरवा. मध्ये लुझबाई, एप्रन तैसाच. एका बाजूस इसिद्रो, एका बाजूस अनवाणी आर्लीन, पलीकडे रोमेल घामेजलेल्या बारोंगात, पायाशी भाचरे, मागे बाकांवर, दगडांवर, पाण्याचे पिंपावर अवघे घराणे. बोयेत शेणाचे ढिगावर चढला, त्याखेरीज सर्व मावेनात. मग त्याने, जैसे प्रत्येक तसबिरीआधी पुसावयाचे, तैसे पुसिले, "कोणी राहिलं का?"

या प्रश्नास आमचे घरी एकोणीस वर्षे एकच उत्तर होते, आणि ते कोणी मोठ्याने देत नसे. त्या सांजेस मांग इसिद्रो म्हणाले, "कोणी नाही. घे."

तसबीर घेतली. बोयेतने पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. दिव्यांनी अर्ध्या घराण्याचे डोळे मिटलेले, रोमेल हिरवा, आणि तिता पुरिंग यांचे तोंड हुकूम देताना उघडे. त्याने चाचरत अर्ज केला की, "लुझबाई, तुम्ही दमला असाल, पण आणखी एक घेतला तर चालेल का? फार वेळ नाही लागणार."

लुझबाईंनी लेकीचा हात काखेत घट्ट धरिला. "घे की, बाळा. हवे तितके घे. मला आज कुठं जायचंय?"

मग बोयेतने घेतल्या. भात गार जाहला, डुकराचे कातडे मऊ पडले, एकेक करून जीपन्यांचे दिवे मंदावले, तरी घेत राहिला, आणि लोक भुकेले असून कोणी हलले नाही.

येणेप्रमाणे सोनेरी ऊन हातचे गेले आणि मोहीम फत्ते जाहली. यश तिता पुरिंग यांचे, ऐसे त्यांचे आज्ञेवरून नमूद केले. तसबीर एकूण वाईट आली. बोयेत तीवर आपले दुकानाचे नाव घालू देत नाही. ती दिवाणखान्यात दर्शनी लाविली आहे, आणि मांग इसिद्रो सकाळची कॉफी तिचे समोर बसून घेतात. लुझबाईंची रजा तेव्हां थोडीच उरली होती, परंतु किती, हे त्या सांजेस घरात कोणी मोजिले नाही.